ज्याला पटेल तो शेवट

खेळ संपला तेव्हा चित्रपट समीक्षक मेघना कर्णिक खूश होत्या. नवऱ्याने थोबाडीत मारताच नायिका घर सोडते, हा शेवट त्यांना मनापासून आवडला होता.

बाहेर पडताना होणारा जावई शार्दूल म्हणाला, "शेवटी तिने नवऱ्याची माफी मागितली, ते बरं झालं."

मेघनाताई थबकल्या. थिएटरात मिळणारा चष्मा प्रेक्षकाची नजर वाचून फक्त रंग आणि आवाज बदलतो, असं सांगितलं जात होतं. म्हणजे ज्याला जो पटेल तो शेवटही हा चष्मा दाखवत होता तर! मग इतकी वर्षं आपण परीक्षण कशाचं लिहीत होतो, सिनेमाचं की स्वतःच्याच आवडीचं?

शार्दूल गाडी आणायला गेला. त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"ऋजुता, तू कुठला शेवट पाहिलास गं?"

"तोच. माफीचा." ऋजुता खाली बघत म्हणाली, "तिनेच त्याला चिडवलं होतं ना, आई. चिडल्यावर एवढं तर होतंच."

"तुला कसं माहीत?"

ऋजुताची नजर शार्दूल गेला त्या दिशेला वळली. तिचे डोळे भरून आले.

समोर शार्दूलची गाडी येऊन थांबली. मेघनाताईंनी लेकीचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने रिक्षा थांबवली.