पायरीवरचे शलमोनबाबा

चार गावांच्या चर्चना मिळून एकच पाळक, आणि तीही बाई! त्या रागानं शलमोनबाबांनी वर्षभर चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. मात्र दर रविवारी चपला न काढता ते बाहेर पायरीवर बसायचे आणि एस्तेरबाईंचा उपदेश ऐकत मध्येच "चुकलं!" असं ओरडायचे.

नाताळ सरला तसे शहरातून कमिटीचे साहेब आले. "माणसं उरली नाहीत. हे चर्च बंद, बाई. किल्ली द्या."

बाईंनी किल्ली मुठीत आवळली.

बाबा काठी आपटत उठले. चपला काढून आत शिरले आणि पहिल्या बाकावर ठाण मांडून बसले.

"लावा कुलूप, मला आत ठेवून! बाई, तुम्ही उपदेश सुरू करा. तुमच्या चुका बाहेरनं नीट ऐकू येत नाहीत."