नवरा परत आला का?

“आजी, नीट ऐका हं. कादंबरीतला नवरा शेवटी घरी परत आला का? आला असेल तर डोळे एकदा घट्ट मिटा, नसेल तर दोनदा.”

वाचा-उपचार करणाऱ्या बाई खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या होत्या. पायथ्याशी मुलगा हाताची घडी घालून उभा होता. उशाशी सून, तिच्या मांडीवर ते जाडजूड पुस्तक. तिघांच्याही नजरा आजींच्या पापण्यांवर.

अर्धांगाच्या झटक्याने आजींची वाचा नेली, उजवी बाजू नेली. डोकं तेवढं मागे ठेवलं, असा आजींचा समज होता. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतरांची बोलणी जोडून देण्यात गेली आणि आता स्वतःच्या घरात पापण्यांवर कारभार आला होता. समज शाबूत आहे असं दिसलं तर उपचार घरीच चालू राहणार होते. नाहीतर शहराबाहेरचं शुश्रूषा केंद्र. मुलगा ते पाहूनही आला होता. “स्वच्छ आहे गं आई, हवेशीर आहे,” असं तो सारखं म्हणायचा. तो वाईट नव्हता, थकला होता. आजींना मात्र स्वच्छ, हवेशीर जागी मरायचं नव्हतं. त्यांना इथेच, या खिडकीपाशी राहायचं होतं.

बाईंची पद्धत साधी होती. पेशंटच्या आवडीचं वाचून दाखवायचं आणि मग त्यावर प्रश्न विचारायचे. आजी कादंबऱ्यांच्या वेड्या. हातात कादंबरी असली की गॅसवरचं दूध उतू जायचंच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मुलाने जगभर गाजलेली परदेशी कादंबरी आणली. कॉलेजात असताना त्याने ती मूळ भाषेतून वाचली होती आणि ढसाढसा रडला होता. बाईंना प्रश्न-उत्तरंही मुलगाच लिहून द्यायचा. हा मराठी अनुवाद त्याने फक्त विकत आणला. माहीत असलेली गोष्ट पुन्हा कशाला वाचायची?

सुनेने आता ते पान पुन्हा एकदा वाचलं. आवाजात चढउतार, योग्य तिथे थांबणं, सगळं कसं झोकात.

“‘परत येणे हे त्याच्याकडून, जरी की न येणे अशक्य नव्हते, तरी दारापाशी घडले नसते असे दिवा तिला सांगत नव्हता.’”

आजी वाक्याच्या एका टोकाने आत शिरल्या आणि मधेच कुठेतरी अडकल्या. नवरा होता. दार होतं. दिवाही होता, आणि तो काहीतरी सांगत नव्हता. पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

सुरुवातीला त्यांनी अंदाजाने डोळे मिटून पाहिले होते. धाकटी बहीण बुडाली म्हणून त्या दोन दिवस हळहळल्या, आणि बाईंनी सांगितलं की ती बोटीतून प्रियकराबरोबर पळून गेली. खून झाला असं वाटलं तिथे म्हणे साखरपुडा होता. प्रत्येक चुकीला मुलगा मान खाली घालायचा आणि बाई हलकेच म्हणायच्या, “असू दे, असू दे.” पूर्वी कादंबरी हातात आली की आजींना जेवायची शुद्ध नसे. आता सुनेने पुस्तक उघडलं की त्यांना वाटायचं, भीक नको पण कुत्रं आवर. पण ‘बंद कर’ कुठल्या पापणीने सांगायचं?

आणि सुनेला तर सगळं कळत होतं! प्रकरण संपलं की ती पुस्तक छातीशी धरून म्हणायची, “काय लिहिलंय ना, आई!” आमटीत दोनदा मीठ घालणाऱ्या पोरीला कळतंय आणि आपल्याला नाही. म्हणजे डोकंच गेलं आपलं. डोकं गेलेल्या माणसाला ते कळत कसं असेल? असंच कळत असेल. आजी फार घाबरल्या. झटक्याच्या दिवशीसुद्धा त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या.

त्यांनी डोळे एकदाही मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहू लागलं.

बाईंनी मुलाकडे पाहून हळूच मान हलवली. “आकलन राहिलेलं दिसत नाही.”

मुलाने घसा खाकरला. “मग मी केंद्रात फोन करून टाकतो. आजच.”

सुनेने पुस्तक मिटलं. “बाई, तोच प्रश्न मला विचारा.”

“तुम्हाला? तुम्हाला कशाला?”

“विचारा तर खरं.”

बाई हसल्या. “बरं. नवरा घरी परत आला का?”

सुनेने एकदा डोळे घट्ट मिटले. मग घाईघाईने आणखी एकदा. मग ते उघडून ती रडवेल्या तोंडाने नवऱ्याकडे बघत राहिली. “पहिल्या पानापासून मला एक अक्षर कळलेलं नाही. तू म्हणालास जगभर गाजलंय. म्हटलं, आपलंच डोकं कमी पडत असेल. बोलायची लाज वाटली.”

“काहीतरीच काय! इतकं साधं आहे ते!”

“मग वाच ना.”

त्याने पुस्तक घेतलं. पान वाचलं. पुन्हा वरून सुरुवात केली, या वेळी ओठ हलवत. मग ते बाईंकडे दिलं. बाईंनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

सुनेने पदराने आजींचे डोळे टिपले आणि त्यांचा डावा हात आपल्या हातात घट्ट धरला.

“कर की फोन,” ती नवऱ्याला म्हणाली. “फक्त तिथे दोघींची सोय होईल का, तेवढं विचार.”