चार दारांची गाडी

रहीमभाईंच्या जुन्या गाडीचं मागचं डावं दार तेवढं उघडायचं. अख्खं घर वर्षानुवर्षं तिथूनच चढायचं, तिथूनच उतरायचं. मुलासाठी, हसनैनसाठी, मुलगी बघायला मानोऱ्याला जायचं ठरलं, तशी रहीमभाईंनी भंगारातून तीन दारं आणून बसवली. बाहेरून गाडी लालभडक रंगवली, आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्यासुद्धा दुधी रंगानं चकाचक केल्या.

"आज ज्यानं त्यानं आपापल्या दारानं उतरायचं!" रस्ताभर ते बजावत होते.

अंगणात गाडी थांबली. मुलीचे वडील अदबीनं ड्रायव्हरचं दार उघडून उभे राहिले. तेवढ्यात हसनैन डावीकडं सरकला, त्याची अम्मी मेहरबी पुढच्या सीटवरून मागं कलंडल्या, खुद्द रहीमभाई गिअरवरून पाय टाकून आले, आणि सगळे त्याच जुन्या दारातून बदाबदा बाहेर! पडद्याआड नवरी मुलगी यूसरा पोट धरून हसत होती.

निकाह झाला. फुलांनी सजलेल्या गाडीचं उजवं नवं दार हसनैननं ऐटीत उघडलं. यूसरा वळसा घालून डावीकडं गेली.

"बेटा, तिकडे कायले?" रहीमभाई गडबडले.

"अब्बा, घरच्यांचं दार तं हेच आहे ना?"