घरच्यांसाठी माइक

“एको नको,” चुडामणनाना पुन्हा म्हणाले. “आवाज जसा आहे तसाच कानात आला पाहिजे.”

योगराजने कपाळाला हात लावला. धुळ्यातलं त्याचं माइक-स्पीकरचं दुकान, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी एको हवा असायचा. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमला, की मग काय, जो तो गवई! आणि हे सत्तरीचे नाना एकोच नको म्हणून अडून बसलेले.

“गाणार कोण नाना? तुम्ही?”

“छे! माझा आवाज ऐकून बैल उधळतील. आमच्या घरच्या गाणार.”

घरच्या, म्हणजे पुष्पाबाई, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. पदर अंगभर घेतलेला, उजवा हात पदराखाली. योगराजकडे बघून त्या गोड हसल्या.

“शिकवतं कोण?”

“एक मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, रोज घरी सराव पाहिजे, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू आला पाहिजे. तेव्हा भाऊ, महागाचं नको, पण फसवंही नको. आणि माइक हातात धरायचा नको, स्टँडवरचा द्या. ताल धरायला हात मोकळा लागतो.”

योगराज तसा सरळ माणूस. काचेच्या कपाटातला चकचकीत माइक त्याने काढला आणि आपणहून परत ठेवला.

“हा नको. हा पंख्याची घरघर पकडतो, गल्लीतला भाजीवालाही पकडतो.” मग खालच्या खणातून त्याने साधा काळा माइक काढला. “हा घ्या. तोंडाजवळचाच आवाज घेतो. मोबाइलला जोडायचा, हेडफोन यालाच लावायचा. तोंडातून निघालं की लगेच कानात. खोलीत आवाज घुमला तर भिंतीवर गोधडी टांगा. गोधडी मात्र माझ्याकडे मिळत नाही!”

नाना खळखळून हसले. पुष्पाबाईंनी हेडफोन डाव्या हाताने घेतला.

“अक्का डावऱ्या वाटतं?”

“हं,” म्हणत नाना वायर गुंडाळू लागले.

“आणि फार अबोल हो!”

“काय सांगू भाऊ! यांच्यामुळे आमच्या घरात रेडिओ कधी आणावाच लागला नाही.”

म्हणजे गळा चांगला असणार, असा योगराजने अर्थ घेतला. “कार्यक्रम कुठे आहे?”

“नातीची हळद आहे. जळगावला, मेहरूणमध्ये, आमच्या ज्ञानेश्वरच्या घरी. दिपमालाने हट्ट धरलाय. म्हणते, आजी चालीवर नाव घेईल तेव्हाच हळद लावून घेईन. आता चारचौघांत नाही जमलं तर...”

पुष्पाबाईंनी मान खाली घातली.

“जमेल हो! नवऱ्याचं नावच तर घ्यायचंय,” योगराज म्हणाला. “जमलं की मला फोन करा.”

दुसऱ्या दिवसापासून नानांच्या दोन खोल्यांत नवाच परिपाठ सुरू झाला. सकाळचा चहा झाला की नाना गोधडी टांगायचे, माइक पुष्पाबाईंच्या ओठांसमोर आणायचे, हेडफोन त्यांच्या डोक्यावर हळूच बसवायचे.

“ज्ञानेश्वरनी माय, हाऊ तुनाच आवाज शे. आयक,” हा तुझाच आवाज, असं नाना आपल्या अहिराणीत समजवायचे.

उखाणाही नानांनीच जुळवला होता. नवऱ्याने स्वतःच्याच नावाचा उखाणा जुळवायचा, म्हणजे कमालच की नाही! “मेहरूणनी बोरं, केळीनं पान, चुडामणनं नाव लेस, राखा मना मान.” चाल मात्र पुष्पाबाईंची, ज्ञानेश्वरला पाळण्यात झोपवायच्या तेव्हाची.

सूर छान लागायचा. शब्दांपाशी आल्या की अडायच्या. डोळे भरून यायचे, हेडफोन बाजूला जायचा. एरवी त्यांनी नवऱ्याचं नाव कधी तोंडात घेतलं नव्हतं. ‘आयकं का’ एवढ्या हाकेवरच त्यांचा संसार झाला. नाव फक्त उखाण्यात, पण तेही असं ठसक्यात, की बायका पुन्हा घ्यायला लावायच्या.

“आपली गाडी कुठे सुटतेय?” नाना म्हणायचे. “उद्या पुन्हा बसू.”

एक दिवस आपलाच सूर कानात ऐकून पुष्पाबाई चक्क हसल्या. नाना उठले आणि देवापुढे साखर ठेवून आले. मॅडमचं भलं होवो, त्या दुकानदाराचं भलं होवो, असं देवाला मोठ्याने सांगितलंही.

हळदीच्या दिवशी माइक पिशवीतून मेहरूणला आला. दिपमाला पाटावर बसली होती. तिने हात पुढे केले आणि आजीच्या कानांवर हेडफोन स्वतः बसवला.

“आजी, नाव घे!”

मांडवातल्या बायका जवळ सरकल्या. पुष्पाबाईंनी डोळे मिटले. डाव्या हाताने मांडीवर ताल धरला. पहिली ओळ त्यांनी नुसतीच गुणगुणली. दुसऱ्या ओळीपाशी ओठ थरथरले, थांबले. ताल काही थांबला नाही.

“चुडामण.”

पुढचं काही आलंच नाही. नुसतं नाव, तेही उखाण्याशिवाय. एरवी बायकांनी हसून मांडव डोक्यावर घेतला असता. आज कुणीही हसलं नाही. ज्ञानेश्वर हळदीची वाटी घेऊन उभा होता. ती त्याच्या हातातून पडली आणि तो लहान पोरासारखा आईच्या कुशीत शिरला.

नाना मांडवाबाहेर आले. डोळे पुसले आणि फोन लावला.

“योगराजभाऊ? चुडामण बोलतोय. तो साधा काळा माइक नेला होता बघा. तुमचे लई उपकार झाले.”

“अरे वा नाना! म्हणजे अक्का गायल्या तर!”

“गायल्या नाहीत हो भाऊ, बोलल्या. त्या मॅडम गाण्याच्या चालीवर पुन्हा बोलायला शिकवतात. लकव्यात वाचा गेली, त्यानंतरचा आज पहिला शब्द.”