गुरुवारची कळ

"नेमकं कुठं दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

शिंपीकाकांनी छातीवर बोट टेकवलं आणि कापडावर खूण करावी तसं खांद्यापर्यंत ओढलं. "इथून इथवर. चार इंच धरा."

डॉक्टरांनी वहीत 'चार इंच' लिहिलं.

काकांच्या छातीतलं हृदय नऊ वर्षांपूर्वी बदललेलं. अशा हृदयाचे मज्जातंतू कापलेले असतात, त्याला दुखायला नको. पण डॉक्टरांच्या अशा हृदय बदललेल्या पेशंटांना दुखायचं. फक्त गुरुवारी, ओपीडीच्या दिवशी. एका गुरुवारी एकालाच, दोघांना एकदम कधीच नाही. रिपोर्ट मात्र ठणठणीत.

अकरा वर्षं डॉक्टर या कोड्यामागे हात धुऊन लागले होते. त्या नादात लग्न राहून गेलं, मित्र पांगले. गेल्या मे महिन्यात दोन गुरुवार कुणालाच दुखलं नाही, तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसून उन्हाचा काही परिणाम आहे का, हे तपासत होते.

विभागप्रमुख बाईंनी सांगून टाकलं होतं, "साडेपाचशे केसेसचा शोधनिबंध आज पाठवा, नाहीतर गुरुवारची ओपीडी बंद." गुरुवार गेला तर आठवड्यात डॉक्टरांशी बोलणारं कोणी उरत नव्हतं.

काकांची आजची केस साडेपाचशेवी.

"चहा घेऊ या का?" काका म्हणाले. "चहा घेतला की कमी होतं."

"सगळ्यांचंच होतं. त्यावर माझं अख्खं प्रकरण आहे."

मग तासभर काकांनी जावयाच्या वाढत्या पोटाची आणि उसवणाऱ्या पँटींची कर्मकथा सांगितली. डॉक्टर दोनदा मोठ्यांदा हसले. कळ थांबली. तीही वेळ नोंदवली.

"येतो. तब्येतीला जपा, डॉक्टर."

"अहो, ते मी म्हणायचं असतं!"

काका गेले. ईसीजीचा कागद ठेवायला डॉक्टरांनी काकांचं टेबलावर राहिलेलं रिपोर्टांचं पाकीट उघडलं. आतून घडी घातलेला एक कागद निघाला. वर मथळा होता : 'गुरुवार कुणाचा'. खाली तारखा.

'आज – शिंपी. डावीकडे कळ, खांद्यापर्यंत.

पुढचा – पोस्टातल्या वहिनी. धडधड. (कळ नको, लागोपाठ झाली.)

त्यानंतर – बँडवाले. काहीही चालेल, पण निदान तासभर बसावे.'

तळाशी लाल शाईत :

'मे महिन्यात कुणीही गावाला जायचं नाही. गेल्या वर्षी दोन गुरुवार चुकले, तर डॉक्टर दिवसभर बाहेर बाकावर वाट बघत बसले होते.'