कोरं पान

ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीचं एखादं ‘पान’, म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा, वापरायला देण्याआधी ते धड आहे का, हे आमच्या जावईबापूंचा कोड तपासायचा. वर्षभरात एकही पान नापास झालं नव्हतं, म्हणून बापूंची कॉलर इतकी ताठ, की मान वळेना. आज ऑफिसातली सगळी मशिनं धाडकन बंद पडली. सगळ्यांसमोर कोड उघडला, तर तपासणीच्या जागी एकच ओळ: ‘हो म्हण.’ घाईत तात्पुरती टाकलेली, काढायची विसरलेली.

"अहो, हा तर नंदीबैल निघाला!" साहेब म्हणाले. बापूंचे कान असे तापले, की वर चहा उकळला असता.

घरी आल्या आल्या त्यांच्या लेकीनं कागद पुढे धरला. "बाबा, चित्र कसं झालंय?"

"छान, छान!" मान खाली घालूनच बापू म्हणाले.

"आई, तू पैज जिंकलीस! बाबांनी कोरं पान पास केलं!"