बाटलीवरचा नंबर

सकाळी सहाला बेल वाजली तेव्हाच तेजलनं ओळखलं, उत्तेजक तपासणीच्या बाई आल्या. संघातले चौघे औषध घेताना सापडले, म्हणून परवाच देशाच्या झाडून सगळ्या वेटलिफ्टरांवर बंदी आली होती. तिची पहिली जागतिक स्पर्धा महिन्यावर होती. ती आता हातची गेली.

"बंदी घातली तरी मुतायचं, मॅडम?"

"नाही म्हणालीस तर तुझ्यावर वेगळी बंदी. चार वर्षांची."

"सतरा वेळा लघवी दिली. काय सापडलं?"

"काहीच नाही. तू स्वच्छ आहेस गं."

"मग खेळू द्या की."

नियमाप्रमाणे संडासाचं दार उघडं ठेवून बाई समोर उभ्या राहिल्या. तेजलनं बाटली भरली, झाकण घट्ट लावलं. बाईंनी लॅबच्या कागदावर बाटलीचा नंबर तेवढा लिहिला.

"लॅबला नाव कळू देत नाहीत," त्या म्हणाल्या. "देशही नाही. पक्षपात नको."

तिचं नाव असलेल्या दुसऱ्या फॉर्मच्या खाली खेळाडूच्या शेऱ्यासाठी दोन ओळी होत्या. सतरा वेळा तिनं त्या कोऱ्या सोडल्या होत्या. आज लिहिलं, 'मूत तपासताना देश बघत नाहीत. बंदी घालताना तेवढाच बघतात.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग साक्षीदाराच्या जागी सही केली.